जावयाची ट्रंक

खंडेनवमीला पहिला नारळ कुणाचा, यावरून त्या साली अंबाजी पाटलांच्या ओसरीवर सकाळीच खटका उडाला. घरची रीत ठरलेली होती. नांगर, कुळव, कोयते, पाटीलकीची जुनी तलवार, सगळं धुऊनपुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा तो नांगराच्या फाळावर. औंढ्यातली बाकीची मंडळी दगडावर फोडत, पाटील फाळावर. पण बयाबाईच्या मनात यंदा वेगळंच आलं होतं. आणि बयाबाईच्या मनात एकदा काही आलं, की ते आपलंच मत आहे असं म्हणायला पाटील फार वेळ लावत नसत.

"अवं, जावई घरात असताना नांगराचा कसला आलाय मान?" ती म्हणाली. "ती पावन्यांच्या धंद्याची वस्तू हाय. पयला नारळ तिच्यावर."

वस्तू म्हणजे ट्रंक. काळी, पत्र्याची, लोखंडी कोपऱ्यांची, आणि कडीवर तळहाताएवढं लाल लाखेचं सील. जावई महिपती लोणावळ्याला एका परदेशी कॉन्सलसाहेबाची मोटार चालवत होता. साहेब म्हणजे कुठल्याशा लांबच्या देशाच्या सरकारचा मुंबईतला माणूस. त्या देशाचं नाव औंढ्यात कुणाला धड म्हणता येत नव्हतं, म्हणून सगळे 'पल्याडचं सरकार' म्हणत. साहेबाचा लोणावळ्यात बंगला होता, आणि साहेबाच्या मागोमाग बोटीनं आलेल्या ट्रंका तिथं येत. सील असलं की बंदरात ट्रंकेला कुणी हात लावत नाही, कस्टमवाले सलाम ठोकून बाजूला होतात, हे महिपती इतक्यांदा सांगून चुकला होता की सलाम त्यालाच मिळतो असं ऐकणाऱ्याला वाटावं.

यंदा ही तिसरी ट्रंक त्यानं सासुरवाडीला आणून ठेवली होती. बंगल्यात वाळवी फार झाली, कागद खाते, हे कारण. दोन-चार दिवस ट्रंक राहायची, मग पुण्याहून एक माणूस येऊन घेऊन जायचा.

"एवढी जड कशी वो?" चौघांनी मिळून उचलताना पाटलांनी एकदा विचारलं होतं.

"मामा, दोन राजांमधले करार हायेत आत," महिपती म्हणाला होता. "हलके कसे असतील?"

पाटलांना ते पटलं. पंचवीस वर्षं ते गावच्या वर्द्या वडगावला मामलेदाराकडे पोचवत होते आणि सरकारी कागद जड असतो हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. शिवाय जावयाच्या सामानाला हात लावायचा नाही, त्याच्या पिशवीत डोकवायचं नाही, हा त्या घरचा कायदाच होता. बयाबाई तर सहा वर्षांत जावयाशी एकदाही थेट बोललेली नव्हती. डोईवरचा पदर पुढं ओढून भिंतीकडं तोंड करायचं आणि म्हणायचं, "पावन्यास्नी म्हनावं, अजून एक भाकरी घ्या." भिंत काही म्हणायची नाही, पण महिपती भाकरी घ्यायचा.

तर अंबाजींनी नारळ उचलला, तो ट्रंकेच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला, आणि साठीचा हात थोडा चुकला. नारळ बसला तो कडीवर. सीलाचे तुकडे उडाले, कडी निसटली, झाकण फटकन वर आलं आणि नारळाचं पाणी धो धो आत गेलं.

"आगं बाई! कागदं भिजली!" बयाबाई ओरडली.

"करार भिजला तर लढाई व्हईल," पाटलांचा धाकटा भाऊ भिमाजी म्हणाला. भिमाजीला असलं काही बोलल्याशिवाय राहवत नसे.

महिपती विहिरीवर आंघोळीला गेला होता. वाट बघायला वेळ कुठं होता? पाटलांची लेक नंदा धावत घोंगडी घेऊन आली. ऊन चांगलं होतं. दोन राजांचे करार वाळत घालायचे, घडी घालून पुन्हा ठेवायचे, जावयाला पत्ताही लागू द्यायचा नाही, असं सासूनं ठरवलं आणि स्वतः पदर खोचून झाकण उघडलं. वर परदेशी छापाची वर्तमानपत्रं होती, ती तिनं एकेक करून अंगणात पसरली. त्याखाली कागद नव्हते. चांदीच्या विटा होत्या. ओळीनं मांडलेल्या, वर नारळाचं पाणी चमकतंय.

मायलेकींनी त्या एकेक करून घोंगडीवर काढल्या. मग भिमाजी बोलला.

"दसऱ्याला लोक आपट्याची पानं वाटत्यात नि सोनं म्हंत्यात. आपल्यात नवमीलाच चांदी आली." एवढं बोलून त्यानं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि 'जरा जाऊन येतो' म्हणत तो निघाला. कुठं, ते कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

महिपती ओल्या पंचानं, गुणगुणत आला आणि घोंगडीवरच्या विटा बघून दारातच थांबला.

बयाबाईनं सवयीनं पदर ओढला, भिंतीकडं वळली. "नंदे, पावन्यास्नी इचार, हे काय हाय?"

"आये, समोर तर हायेत," नंदा म्हणाली.

"तू इचार."

"हे काय हाय?" नंदानं नवऱ्याला विचारलं.

महिपतीनं ओठांवरून जीभ फिरवली. "चांदी हाय."

"पावन्यास्नी म्हनावं, चांदी हाय ते आंधळ्याला बी दिसतंय. कुणाची?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सरकारनं चांदीवरची जकात वाढवली होती. कॉन्सलसाहेबाच्या ट्रंकेला जकात नाही, कारण ती उघडायचीच नाही. मग साहेबानं कागदांऐवजी विटा आणायला सुरुवात केली. पण गेला महिनाभर कस्टमचा एक इन्स्पेक्टर बंगल्यासमोरच्या रस्त्याच्या मोरीवर छत्री घेऊन बसू लागला. फाटकाच्या आत पाऊल टाकायचा त्याला हुकूम नव्हता, पण ट्रंक घ्यायला येणाऱ्या माणसाला तो धरू शकत होता. मग महिपतीला युक्ती सुचली.

"ट्रंक साहेबाच्या मोटारीतनं हितं आणायची, ती मोटार कुणी अडवत न्हाई. पोलीस पाटलाच्या घराची झडती कोण घेणार? आन तीबी जावयाच्या ट्रंकंची?"

सांगताना त्याला स्वतःच्या हुशारीचं थोडं कौतुकही वाटलं असावं, कारण तो अर्धवट हसला. सासऱ्याच्या तोंडाकडं बघून मग थांबला.

"म्हंजी साहेबाचं सील तितं आन माझी पाटीलकी हितं," अंबाजी म्हणाले. "माझा बाप, माझा आजा, त्येचा बाप, सगळ्यांनी हीच तलवार पुजली. तिच्या आडोशाला तुमी चोरीचा माल ठिवला."

"मामा, चोरीचा न्हाई. नुसता जकात न भरल्याला."

"पावन्यास्नी म्हनावं, गप बसा!" बयाबाई भिंतीला म्हणाली.

तिनं मनात दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. पाटलांनी वर्दी दिली तर जावई तुरुंगात आणि नंदा माहेरी, कपाळावर नवऱ्याच्या चोरीचा डाग घेऊन, भावकीच्या तोंडी जन्मभर. नाही दिली तर पाटीलकी आज ना उद्या जाणार. पाटीलकी काय, ती आज इथं उद्या तिथं. पोरीचा संसार एकदा मोडला की मोडला. आईनं मनातल्या मनात निवाडा करून टाकला आणि लगेच कामाला लागली.

"अवं, मी म्हंते, विटा घाला ट्रंकंत. बैलगाडीत कडब्याखाली लपवा. बंगल्याच्या फाटकाच्या आत एकदा गेली की सरकारला दिसतच न्हाई म्हनं ती. मग साहेब जाणं नि त्येचं सरकार जाणं. आपल्या घरात काय बी आलं न्हवतं."

"आन मला इचारल्यावर काय सांगू?"

"तुमाला कोण इचारणार? तुमीच पाटील."

पाटलांनी विटांकडं पाहिलं. बघता बघता ते मत त्यांचं स्वतःचंही होऊ लागलं होतं. एक वीट त्यांनी उचललीसुद्धा. तेवढ्यात अंगणात भिमाजी आला, आणि त्याच्यामागून, छत्री मिटत, घाम पुसत, कस्टमचे इन्स्पेक्टर श्रीपादराव.

श्रीपादराव तळेगावचे. मोटारीचा माग काढत ते सकाळीच औंढ्याच्या वेशीवर येऊन बसले होते, भिमाजीची तिथंच गाठ पडली. सडपातळ, चष्मेवाले, नोकरीत नवे नाहीत पण नशिबानं अजून इन्स्पेक्टरच. महिनाभर मोरीवर बसून बसून नाकाचं कातडं सोललं होतं. समोर घोंगडीवर चांदी, एका हातात वीट घेतलेले पोलीस पाटील, आणि ओल्या पंचातला ड्रायव्हर असं एकदम बघून त्यांनी मिटलेली छत्री पुन्हा उघडली.

"चालू द्या, पूजा चालू द्या," ते म्हणाले.

भिमाजीनं छाती फुगवली. "मी वर्दी दिली, रावसाहेब. पाटलाच्या घरात कुणीतरी सचोटीचं असाया नगं का?" पाटीलकी अंबाजींनंतर कुणाकडं जायची हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भिमाजी तर आधीपासूनच तिच्यावर नजर ठेवून होता.

अंबाजींनी वीट खाली ठेवली. "भिमा, तुझ्या नातवाच्या कमरंचा चांदीचा करगोटा कुणी दिला रं?"

भिमाजीची छाती खाली बसली. करगोटा जावयानं दिला होता, बारशाला. बयाबाईचा कुंकवाचा चांदीचा करंडा जावयानं दिला होता. नंदाच्या पायातले तोडेही त्यानंच घडवून आणले होते, आणि साहेब ट्रंकेमागं बक्षीस म्हणून एक लहान तुकडा देतो, ही गोष्ट आता अंगणात सगळ्यांना एकदमच कळली.

"तुमच्या घराण्यात सचोटी कमरेला बांधतात वाटतं," श्रीपादराव हलकेच म्हणाले.

"रावसाहेब," भिमाजी एकदम मवाळ झाला, "पोरगं लहान हाय. त्येला काय कळतंय चांदी नि जस्त? आन खरं बोलायचं तर जावई लय चांगला माणूस हाय."

श्रीपादराव बाजेवर बसले, पाणी मागितलं, प्याले. मग पाटलांकडं वळले. माणूस तसा कनवाळू होता.

"पाटील, तुम्हाला वाटेल आता साहेबाला बेड्या पडतील. तसं काही होत नसतं. परदेशचा प्रतिनिधी म्हणजे सरकारचा जावई. तुमच्या जावयाच्या पिशवीत तुम्ही डोकावता का?"

"न्हाई," पाटील ओशाळून म्हणाले.

"आम्हीही नाही डोकावत. मी मुंबईला लिहीन. मुंबई दिल्लीला लिहील. दिल्ली विलायतेला लिहील, विलायत त्या पल्याडच्या सरकारला लिहील, की तुमचा माणूस आम्हाला नकोसा झाला आहे, कृपा करून परत बोलवा. ते म्हणतील, अरेरे, त्याची तब्येतच बरी नसते. आणि साहेब जाईल."

"बास? येवढंच?" नंदानं विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच परक्या माणसाशी बोलली होती.

"एवढंच. दिवाळीला पुन्हा बोलावत नाहीत, हीच शिक्षा."

आणि पुढं झालंही तसंच. सात महिन्यांनी साहेबाची तब्येत एकाएकी बिघडली. निघताना मुंबईच्या धक्क्यावर त्याला हार घातले गेले, आणि सरकारतर्फे जो हार होता तो घालायचं काम वरिष्ठांनी श्रीपादरावांवर सोपवलं, कारण साहेबाला ते ओळखत होते. श्रीपादराव ही गोष्ट पुढं म्हातारपणी तळेगावच्या ओट्यावर सांगत आणि हार घालताना साहेबानं 'मोरीवर थंडी फार असते' म्हटलं, ते सांगताना स्वतःच खो खो हसत.

पण त्या दिवशी अंगणात कुणी हसत नव्हतं. श्रीपादरावांनी चष्मा पुसला. "साहेबाला सील असतं. ड्रायव्हरला नसतं. सील फुटलं, ट्रंक बंगल्याबाहेर सापडली, म्हणजे आता ती साधी ट्रंक. ज्याच्याकडं सापडली तो चोर. माझ्याकडं कारकून नाही. पाटील, पंचनामा तुम्हीच लिहा. कुणाची म्हणून लिहायची?"

पाटलांनी टाक-दौत आणली, मांडीवर कागद घेतला. वर गावाचं नाव नि तारीख घातली.

"माझी," ते शेवटी म्हणाले. "घर माझं, ट्रंक माझी. जावयाला ठावं न्हवतं. असं लिवतो."

"दादा, खुळा झालास का!" भिमाजी ओरडला. "पाटीलकी जाईल, तुरुंग व्हईल!"

"पाटीलकी तुला हवीच हाय की. घे."

"मला नगं तसली!" भिमाजीचे डोळे खरंच भरून आले होते. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

बयाबाई भिंतीजवळ उभी होती. खरं सांगायचं तर क्षणभर तिला बरं वाटलं. पोरीचं घर वाचलं. म्हातारा दोन-चार महिने आत जाईल, बाहेर येईल, आपण भाकरी पोचवू. हे मनात आलं आणि तिनं नवऱ्याच्या हाताकडं पाहिलं. टाक धरलेला हात आपलंच नाव लिहायला कागदावर टेकला होता. मग तिनं जावयाकडं पाहिलं. तो ओल्या पंचात उभा होता, सासऱ्याकडं न बघता, आणि त्याच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. तेच, जे आत्ता तिच्या स्वतःच्या मनात येऊन गेलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की भिंतीकडं तोंड करायचं ती विसरूनच गेली.

"महिपती," ती म्हणाली.

सहा वर्षांत पहिल्यांदा. अंगणात सगळे तिच्याकडं बघू लागले. पदर खांद्यावर आला होता, तिनं तो उचलला नाही.

"सहा वर्सं तुला पाटावर बसवलं. पयली भाकरी तुला, दुधावरची साय तुला. जावई हायेस म्हणून. तुझ्या साहेबामागं त्येचं सरकार हाय रं बाबा, तो जाईल निघून. तुझ्यामागं कोण हाय? हा म्हातारा. त्येच्या पाठीमागं लपून तू लेकीसंगट संसार करणार का माझ्या? आन करशील, तर ती तुला तोंड दाखवील का?"

महिपतीचं तोंड उतरलं. त्यानं नंदाकडं पाहिलं. नंदानं मान खाली घातली नाही, नजर चोरली नाही, तशीच बघत राहिली.

"लिवा," तो म्हणाला. "मामा, माझं नाव लिवा. ट्रंक मी आणली. पयल्या दोन बी मीच आणल्या. पुण्याला कुणाकडं जात्यात ते बी सांगतो."

"साहेबाचं नावही सांगाल?" श्रीपादरावांनी पुढं वाकून विचारलं.

"सांगतो. तुमच्या मुंबईला, दिल्लीला, जितं लिवायचं तितं लिवा."

श्रीपादरावांनी सुस्कारा सोडला. "मग मला तुमच्यासाठी थोडं बोलता येईल. साक्षीदार म्हणून. सुटाल असं वचन देत नाही. आजच मुंबईला यावं लागेल. पाटील, तुमचाही जाब विचारतील, पण पंचनामा तुम्ही आपल्या हातानं लिहून दिलात, हे मी सांगीन."

अंबाजी लिहू लागले. विटा मोजल्या, वर्तमानपत्रं लिहिली, फुटलेलं सील लिहिलं, नारळसुद्धा लिहिला, कारण श्रीपादराव म्हणाले, की सील कसं फुटलं हे न लिहिलं तर वर कुणी विश्वास ठेवणार नाही आणि लिहिलं तरी ठेवणार नाही. भिमाजी गुपचूप घरी जाऊन करगोटा घेऊन आला आणि घोंगडीच्या एका कोपऱ्यात ठेवून दिला. बयाबाईनं करंडा आणून ठेवला, आतलं कुंकू पानावर काढून.

महिपती कपडे करून आला. "नंदा, तू हितंच ऱ्हा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "काय व्हईल ते व्हवू दे. तुला बोल लागाया नगं. आबांच्या घरात ऱ्हायलीस तर पाटलाची लेकच म्हंतील."

नंदा खाली बसली. एका पायातला तोडा काढला, मग दुसऱ्या. घट्ट होते, घोट्याला लाल वळ उठले. तिनं ते बापापुढं कागदाशेजारी ठेवले.

श्रीपादराव दुसरीकडं बघू लागले. "बाई, बायकांच्या अंगावरचं मी मागितलेलं नाही. मला ते दिसलेही नाहीत."

"मी लिवतो," अंबाजी घाईघाईनं म्हणाले. "पाटलाची लेक नंदाबाई, हिला बापानं दिलेले. म्हंजी ते ह्यात येतच न्हाईत. उचल बाळे, पायात घाल."

"न्हाई आबा," नंदा म्हणाली. ती उठून महिपतीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, अनवाणी, दोन्ही घोटे उघडे. "नवऱ्यानं दिल्याले हायेत. महिपतीची बायको नंदाबाई, तसं लिवा. मी बी मुंबईला जाते."

पाटलांनी बयाबाईकडं पाहिलं. बयाबाईनं डोळे पुसले आणि मान हलवली. मग पाटलांनी टाक दौतीत बुडवला आणि लेकीनं सांगितलं तसंच लिहिलं.